व्ही-८ च्या दोन बँका आणि मधला पाईप: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी

गाडी स्टँडवर चढवली आणि खालचा सगळा एक्झॉस्ट हेडरपासून (सिलिंडरांचा धूर गोळा करणाऱ्या नळ्या) टेलपाईपपर्यंत मोजून घेतला. इंजिन फोर्डचं ५.० लिटर, जुनं व्ही-८, म्हणजे चार-चार सिलिंडरांच्या दोन ओळी (बँका) व्ही आकारात. क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) क्रॉस-प्लेन, म्हणजे टोकाकडून पाहिलं तर त्याचे बाक अधिकच्या चिन्हासारखे चार दिशांना. दोन बँकांचे दोन स्वतंत्र पाईप मागे जातात आणि मध्ये एका आडव्या नळीने जोडलेले आहेत. ही आडवी नळी म्हणजेच क्रॉसओव्हर. तिच्याबद्दल जितकं ऐकलं तितकं उलटसुलट ऐकलं. कुणी म्हणतं, तिच्यामुळे ताकद वाढते. कुणी म्हणतं, फक्त आवाज बदलतो. एच (दोन पाईप आडव्या नळीने जोडलेले) चांगला की एक्स (दोन पाईप मध्येच एकमेकांत मिसळलेले), हा वाद तर संपतच नाही.

म्हणून प्रकल्प असा ठरवला: इंजिन, हेडर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा डबा), मफलर, टेलपाईप यांतलं काहीही बदलायचं नाही. बदलायचा तो फक्त मधला तुकडा. तीन तुकडे बनवायचे, तिन्हींची लांबी एकच. पहिल्यात नुसते दोन सरळ पाईप, दुसरा एच, तिसरा एक्स. दोन्ही टोकांना व्ही-बँड क्लँप, म्हणजे गाडी वर असताना तुकडा झटपट बदलता येईल आणि आधीचा आवाज कानात ताजा असतानाच पुढचा ऐकता येईल. महिनाभराच्या अंतराने ऐकलेल्या दोन आवाजांची तुलना करण्यावर माझा विश्वास नाही.

७ जानेवारी

आज हत्यारांना हात लावला नाही. वही घेऊन बसलो. पाईप कापण्याआधी पाईपमधून जातं काय, हे स्वच्छ कळायला हवं.

या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) १-३-७-२-६-५-४-८. सिलिंडर १ ते ४ एका बँकेत, ५ ते ८ दुसऱ्या. क्रँकच्या दोन फेऱ्यांत, म्हणजे ७२० अंशांत, आठही सिलिंडर एकेकदा पेटतात. दर ९० अंशांना एक ठोका. संपूर्ण इंजिन पाहिलं तर लय अगदी सारखी आहे.

आता एकच बँक पाहू. आठ मात्रांचं आवर्तन धरलं, तर पहिल्या बँकेचे ठोके पडतात १, २, ४ आणि ७ या मात्रांवर. दुसरीचे ३, ५, ६ आणि ८ वर. म्हणजे प्रत्येक बँकेत ठोक्यांमधलं अंतर ९०, १८०, २७०, १८० अंश असं कमीजास्त आहे. दोन ठोके जवळजवळ, मग मोठी खिंड. दोन्ही हात एकत्र ऐकले तर ठेका सरळ, एकच हात ऐकला तर तो लंगडतो. क्रॉस-प्लेन व्ही-८ ची प्रसिद्ध गुरगुर म्हणजे हे लंगडणंच. ती मफलरमध्ये तयार होत नाही, क्रँकमध्ये तयार होते. पुढचे पाईप फक्त ठरवतात की ती कितपत बाहेर येऊ द्यायची.

शेवरोलेच्या जुन्या स्मॉल-ब्लॉक व्ही-८ चा क्रम १-८-४-३-६-५-७-२ आहे आणि तिथे विषम आकडे एका बँकेत, सम दुसऱ्यात. आकडे वेगळे, पण कागदावर मांडलं की प्रत्येक बँकेत तीच ९०, १८०, २७०, १८० ची अंतरं निघतात. म्हणून या इंजिनांचे आवाज एकाच घराण्याचे वाटतात.

१० जानेवारी

कालपासून हा हिशेब डोक्यातून जात नाही, म्हणून पूर्ण लिहून काढतो.

क्रँकच्या एका फेऱ्यात एखादं कंपन जितक्या वेळा होतं, ती त्याची ऑर्डर. आठ सिलिंडरांचे ठोके एका फेऱ्यात चार, म्हणून मुख्य स्वर चौथ्या ऑर्डरचा. ३००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे मारतो, म्हणजे चौथी ऑर्डर २०० हर्ट्झ. हा स्वर तिन्ही तुकड्यांत असणारच.

एका बँकेचे चार ठोके १, २, ४, ७ वर ठेवून फूरिए पद्धतीने (मिश्र कंपन साध्या स्वरांत वेगळं करून) फोड केली, तर चौथ्या ऑर्डरच्या खाली काय सापडतं? पहिली आणि दुसरी ऑर्डर पूर्ण शून्य. अर्धी आणि साडेतीनवी बारीक. पण दीड आणि अडीच या दोन ऑर्डर दणदणीत, मुख्य स्वराच्या जवळपास दोन तृतीयांश उंचीच्या. ३००० आरपीएमला त्या पडतात ७५ आणि १२५ हर्ट्झवर. पोटात जाणवणारा खर्ज तो हाच.

आणि आता खरी गोम. दुसऱ्या बँकेचे ठोके नेमके उरलेल्या मात्रांवर आहेत. त्यामुळे तिची दीडवी आणि अडीचवी ऑर्डर पहिल्या बँकेच्या बरोब्बर उलट दिशेची येते: इकडे दाब चढतो तेव्हा तिकडे तितकाच उतरतो. चौथी ऑर्डर मात्र दोन्हीकडे एकाच वेळी चढते, एकाच वेळी उतरते.

म्हणजे दोन बँकांचा वायू पूर्ण एकत्र केला तर अर्ध्या ऑर्डर (दीड, अडीच अशा) एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतो सरळ, गुळगुळीत, वरचा स्वर. अजिबात एकत्र केला नाही तर लंगडा ठेका जसाच्या तसा बाहेर येतो. एच आणि एक्स हे या दोन टोकांमधले मुक्काम आहेत. वादाचं मूळ इथे आहे, आणि ते इतक्या सोप्या बेरजेत सापडावं याचा मला फार आनंद झाला.

१४ जानेवारी

एच-पाईपच्या आडव्या नळीचा विचार. उलट दिशेच्या कंपनांना नळीच्या एका तोंडाशी दाब चढता, दुसऱ्याशी उतरता. मधोमध दाबाचा बदल शून्य. म्हणजे या कंपनांच्या दृष्टीने नळीचा मध्य हवेत उघडा असल्यासारखा. वायू तिथे मागेपुढे धावतो आणि दाब तिथेच मुरतो. उलट, चौथ्या ऑर्डरला दोन्ही तोंडांशी दाब सारखाच, त्यामुळे नळीत काही हलतच नाही. तिच्यासाठी ही नळी जणू नाहीच.

नळीत अडलेला वायू हलवायला किती जड जातो, हे तिच्या लांबीला क्षेत्रफळाने भागून कळतं. लांब आणि बारीक नळी असेल तर वायू धावायला तयार नसतो आणि क्रॉसओव्हर नावापुरता उरतो. आखूड आणि जाड असेल तर काम करतो. शिवाय कंपन जितकं जलद, तितका हा जडपणा जास्त जाणवतो. म्हणून एच-पाईप खालच्या अर्ध्या ऑर्डर बऱ्याच दाबतो, पण वरच्या, साडेपाच, साडेसहा अशा ऑर्डर पुढे जाऊ देतो. खरखरीचा, दाणेदारपणाचा अंश त्यामुळे टिकतो. एक्समध्ये आडवी नळीच नाही. दोन पाईप एकमेकांच्या कुशीत शिरतात, मधलं भोक मोठं, अंतर जवळपास शून्य, म्हणून मिसळणं जास्त आणि वरपर्यंत.

माझ्या एचची नळी मुख्य पाईपइतक्याच व्यासाची करणार: ६३.५ मिमी, जाडी १.५ मिमी. गिअरबॉक्सखाली जागा आहे तितकी आखूड.

१७ जानेवारी

जोडाची जागा कुठली? जुन्या मेकॅनिकांची रीत अशी की पाईपला रंगाचा पट्टा मारायचा, इंजिन ठरावीक आरपीएमवर काही वेळ चालवायचं आणि रंग जळायचा जिथे थांबतो तिथे एच लावायचा. रंगाने तापमानाचा उतार दिसतो, दाबलहरींचं गणित तेवढ्यावरून पूर्ण सुटत नाही. मी लहरीच्या वेळेवरून गेलो.

२० अंश सेल्सिअसच्या हवेत आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो. पाचशे अंशांच्या वायूत तोच वेग साधारण ५५० मीटर होतो, हेडरमध्ये वायू आणखी गरम असल्याने त्याहूनही जास्त. व्हॉल्व्हपासून जोडापर्यंत २ मीटर धरले आणि सरासरी वेग ५७० मीटर धरला, तर दाबलहर जोडापर्यंत जाऊन कमी दाबाची लहर होऊन परत यायला ७ मिलिसेकंद लागतात. ५५०० आरपीएमला एवढ्या वेळात क्रँक सुमारे २३० अंश फिरतो. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडल्यापासून ते दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे असण्यापर्यंतचं अंतर जवळपास तेवढंच असतं. त्या क्षणी पोर्टाशी (सिलिंडरमधून धूर बाहेर पडतो त्या तोंडाशी) दाब कमी मिळाला तर उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो.

म्हणजे जोड जितका पुढे, तितकी ही मदत वरच्या आरपीएमला. जितका मागे, तितकी खालच्या. मात्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाटेत असले की लहर बोथट होते, त्यामुळे या आकड्यांकडे दिशा म्हणून पाहायचं. माझ्या गाडीत कन्व्हर्टरच्या मागे, गिअरबॉक्सच्या क्रॉसमेंबरच्या पुढे एकच सोयीची जागा आहे आणि ती व्हॉल्व्हपासून दोन मीटरच्या आसपासच येते. तिथेच ठरलं.

आणखी एक कारण. ऑक्सिजन सेन्सर कन्व्हर्टरच्या पुढे, प्रत्येक बँकेला एक. जोड त्यांच्याही पुढे नेला तर एका बँकेचा वायू दुसरीच्या सेन्सरला दिसू लागतो आणि कंट्रोल युनिटचा इंधनाचा हिशेब गोंधळतो. जोड सेन्सरच्या मागेच हवा.

२३ जानेवारी

कापाकापी आणि वेल्डिंग. सरळ तुकडा लगेच झाला.

एचसाठी आडव्या नळीची दोन्ही टोकं मुख्य पाईपच्या गोलाईला बसतील अशी घासली. मुख्य पाईपचं भोक नळीच्या आतल्या व्यासाएवढंच कापलं. काही जण इथे नुसतं छोटं भोक पाडून वरून नळी डकवतात. बाहेरून फरक दिसत नाही, पण परवाच्या हिशेबानुसार अशी नळी निम्मीही कामाची नाही.

एक्सला वेळ लागला. दोन बाकदार पाईप घेऊन प्रत्येकाच्या बाकाचा बाहेरचा गाल कापायचा, दोन्ही खिडक्या तंतोतंत जुळवायच्या आणि कडेने वेल्ड फिरवायचा. खिडकी लहान ठेवली तर मिसळणं कमी, मोठी कापली तर कंबर बारीक होऊन वायूची वाट अडते. कंबरेशी एकूण क्षेत्रफळ दोन पाईपांच्या बेरजेपेक्षा कमी होणार नाही, हे कागदाचा साचा करून आधी तपासलं. पाईप ३०४ स्टेनलेसचा, म्हणून टिग वेल्डिंग, आणि आतून आर्गॉन वायू सोडलेला. तो न सोडता वेल्ड केला तर आतली बाजू करपून खडबडीत होते आणि तिथूनच पुढे तडा जातो.

स्टेनलेस तापलं की चांगलंच वाढतं: ५०० अंशांच्या फरकाला मीटरमागे साडेआठ मिलिमीटर. दोन बाजू कडक जोडल्यावर ही वाढ वेल्डवर येते, शिवाय इंजिन रबरी माउंटवर डुलतं ते वेगळंच. म्हणून हेडरजवळचे जोड गोलाकार बैठकीचे ठेवले, थोडे हलू शकतील असे.

२७ जानेवारी

सरळ तुकडा लावला. आवाज जाडा, सुटा, ठोकेदार. आयडलवर (गाडी उभी, इंजिन सर्वांत कमी वेगाला) तर प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो.

पण मला सर्वांत जास्त रस होता तो वेगळ्याच गोष्टीत, आणि ती दिसली. दोन्ही टेलपाईपच्या अगदी मधोमध, गाडीच्या मागे उभं राहिलं की खर्ज लक्षणीय कमी होतो. एका बाजूला, एखाद्या टेलपाईपकडे सरकलं की तो परत येतो. कारण तेच: डावीकडची दीडवी ऑर्डर आणि उजवीकडची दीडवी ऑर्डर उलट दिशेच्या. मध्यरेषेवर दोन्ही सारखंच अंतर कापून येतात आणि हवेतच एकमेकींना खातात. जे एक्स पाईपच्या आत करतो, तेच इथे उघड्यावर घडतं, फक्त एका रेषेवर. म्हणजे क्रॉसओव्हर नसलेल्या गाडीचा आवाज ऐकणारा कुठे उभा आहे यावर ठरतो. रेकॉर्डिंग ऐकून मत बनवणाऱ्यांनी माईक कुठे होता हे आधी विचारावं, असं मी आता आग्रहाने सांगेन.

२८ जानेवारी

एच लावला. गुरगुर आहे, पण कडा गोल झाल्या. आयडलचा ठोका अजून ओळखू येतो. मधोमध आणि बाजूला उभं राहण्यातला फरक कमी झाला. गाडीच्या आत बसल्यावर कानांवर येणारा दाब उतरला, हा सर्वांत सुखद बदल.

२९ जानेवारी

एक्स. पहिल्या फेरीतच कळलं की हे वेगळं जनावर आहे. ३५०० च्या वर आवाज ताणून, उंच, सलग येतो. रेसिंगच्या गाड्यांची आठवण करून देणारा. खाली, १५०० च्या आसपास, ठेका जवळपास पुसला गेला.

याच ओढीपायी जुन्या रेसिंग गाड्यांमध्ये याहून मोठा खटाटोप केलेला आहे. फोर्ड जीटी४० च्या हेडरचे पाईप एका बँकेतून दुसऱ्या बँकेकडे ओलांडून नेलेले असत, जेणेकरून प्रत्येक कलेक्टरमध्ये (हेडरच्या नळ्या एकत्र येतात तिथे) ठोके बरोबर १८० अंशांनी पडावेत. तो सगळा गुंता सापांचा जुडगा म्हणून ओळखला जातो. तिथे विषम ठेका कलेक्टरच्या आधीच सुटलेला असतो. एक्स तो उशिरा आणि अंशतः सोडवतो, पण गाडीखाली मावतो.

२ फेब्रुवारी

मोजमाप. आयएसओ ५१३० या आवाज मोजण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकात उभ्या गाडीसाठी सांगितल्याप्रमाणे माईक टेलपाईपच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर, ४५ अंशांच्या कोनात. मित्र आत बसून आरपीएम स्थिर धरत होता.

आवाजाच्या मीटरवर तिन्ही तुकड्यांमधला फरक कानाला वाटतो त्याच्या जवळपासही नाही. याचंही कारण आहे. मीटर ए-वेटिंगवर (स्वरांना कानाच्या संवेदनेनुसार कमीजास्त वजन देण्याची पद्धत) असतो आणि ते खालच्या स्वरांना फार कमी लेखतं: ६३ हर्ट्झला सुमारे २६ डेसिबल वजा, १२५ हर्ट्झला १६. ज्या पट्ट्यात क्रॉसओव्हरचं मुख्य काम चालतं तोच पट्टा मीटर जवळजवळ ऐकत नाही. नियमाच्या कसोटीसाठी मीटर हवाच, पण दोन पाईपांची तुलना त्यावरून करू नये.

खरं चित्र स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे कुठला स्वर किती जोरात याच्या आलेखात, दिसतं. ३००० आरपीएमला सरळ तुकड्यात ७५ आणि १२५ हर्ट्झचे सुळके २०० च्या सुळक्याशेजारी ठळक उभे. एचमध्ये ७५ चा चांगलाच खचलेला, १२५ चा थोडा कमी खचलेला. एक्समध्ये दोन्ही गवतात हरवल्यासारखे आणि २०० चा एकटा उंच. वहीतल्या बेरजेने सांगितलेल्या जागीच सगळे सुळके सापडले.

उभ्या गाडीत इंजिनावर भार नसतो, ठोके दुबळे असतात, हे लक्षात ठेवायचं. रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलला सगळंच उग्र होतं, पण सुळक्यांच्या जागा बदलत नाहीत.

८ फेब्रुवारी

डायनो, म्हणजे ताकद मोजणारं यंत्र. प्रत्येक तुकड्याला इंजिन तितकंच तापवून, एकाच गिअरमध्ये, लागोपाठ.

सरळ तुकड्याची ताकदीची रेघ मधल्या आणि वरच्या आरपीएमला बाकी दोघांच्या किंचित खाली. एच आणि एक्सच्या रेघा एकमेकींवरून इतक्या वेळा जातात की कोण वर आहे हे सांगणं कठीण. तोच तुकडा पुन्हा फिरवला तरी रेघ शेकडा एकभर हलते, आणि या दोघांतला फरक त्या हलण्यात बुडून जातो. क्रॉसओव्हर असणं आणि नसणं यात थोडा फरक आहे. कुठला क्रॉसओव्हर, यात माझ्या इंजिनावर मोजता येईल असा फरक नाही. मोठा कॅमशाफ्ट, जास्त ओव्हरलॅप (दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे असण्याचा काळ) आणि कन्व्हर्टर नसलेलं रेसिंग इंजिन असेल तर लहरी जास्त धारदार पोचतात आणि तिथे एक्सला पुढे जायला वाव असतो. रोजच्या इंजिनात एक्स बसवून ताकदीची मोठी झेप मागणं म्हणजे पाईपवर अन्याय आहे.

११ फेब्रुवारी

पुढच्या फ्लँजच्या गॅस्केटला बारीक गळती. सेन्सरच्या पुढे अशी फट राहिली की दोन ठोक्यांच्या मधल्या कमी दाबात बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ (इंधन कमी) वाटतं आणि कंट्रोल युनिट उगाच इंधन वाढवतं. गॅस्केट बदललं.

१६ फेब्रुवारी

हायवेच्या वेगाला, १८०० आरपीएमच्या आसपास, केबिनमध्ये एक सलग घुमारा आहे. तिन्ही तुकड्यांत आहे. मोजला तर १२० हर्ट्झ, म्हणजे बरोबर चौथी ऑर्डर. क्रॉसओव्हर बदलून तो जाणार नाही, कारण ही ऑर्डर दोन्ही बँकांत एकाच दिशेची असते आणि आडव्या नळीला ती दिसतच नाही. घुमाऱ्यावर उपाय म्हणून एचच्या जागी एक्स लावणाऱ्यांची निराशा इथूनच येते. खालच्या ऑर्डरचा घुमारा असेल तरच तो उतरतो.

यावर उपाय म्हणजे पाईपला जोडलेली, टोकाला बंद असलेली शाखा-नळी, लहरलांबीच्या पाव लांबीची. बंद नळीतला वायू मुख्य प्रवाहापेक्षा थंड असतो. तिथे आवाजाचा वेग ४०० मीटर धरला तर १२० हर्ट्झसाठी लांबी ८३ सेंटीमीटर येते. मुख्य पाईपचं तापमान धरून मोजली असती तर मीटरभराच्या वर गेली असती आणि भलत्याच आरपीएमला लागू पडली असती. टोकाला सरकती टोपी ठेवून लांबी रस्त्यावर जुळवणार.

१९ फेब्रुवारी

एका मित्राकडे व्ही-६ आहे, त्याने विचारलं म्हणून लिहून ठेवतो. साठ अंशांच्या समान फायरिंगच्या व्ही-६ मध्ये बँका आळीपाळीने पेटतात, प्रत्येक बँकेत ठोके बरोबर २४० अंशांवर. लंगडेपणा नाही. एकेका बँकेचा स्वर दीडव्या ऑर्डरचा, एकत्र केला की तिसऱ्या ऑर्डरचा, म्हणजे थेट एक सप्तक वर. क्रॉसओव्हरने तिथे स्वराची उंची बदलते. फ्लॅट-प्लेन (क्रँकचे बाक एकाच पातळीत असलेल्या) व्ही-८ मध्येही असंच: प्रत्येक बँक चार सिलिंडरांच्या सरळ इंजिनासारखी, ठोके १८० अंशांवर, अर्ध्या ऑर्डर मुळातच नाहीत. अमेरिकन गुरगुर तिथे कुठल्याही पाईपने आणता येणार नाही. सुबारूच्या जुन्या चार सिलिंडरांच्या बॉक्सर (सिलिंडर समोरासमोर आडवे असलेल्या) इंजिनांची गुरगुर मात्र खरोखर पाईपमधून येते: हेडरच्या नळ्या असमान लांबीच्या असल्याने सम अंतरावर निघालेले ठोके जोडापाशी विषम अंतरावर पोचतात.

२४ फेब्रुवारी

एच कायम करायचा. डायनोने दोघांना सारखंच ठरवलं आहे, तेव्हा निवड कानाने करायला मोकळीक आहे. या इंजिनाचा विषम ठेका ही त्याची ओळख आहे आणि ती एक्समध्ये हरवते, हे मला मनापासून खटकतं. हायवेवर सरळ तुकड्याचा दाब सोसवत नाही. एचमध्ये ठेका राहतो आणि दाब जातो. ज्याची गाडी बहुतेक वेळ ४००० च्या वर धावते त्याला मी एक्सच सुचवेन.

क्लँप काढून टाकणार नाही. गिअरबॉक्स उतरवायचा झाला तर हा तुकडा आधी काढावा लागतो आणि वेल्ड केलेला एच तिथे मोठी डोकेदुखी होते. आडव्या नळीच्या दोन्ही वेल्डांवर खूण केली आहे. गाडी काही वेळा पूर्ण तापून थंड झाली की तिथे केसासारखा तडा दिसतो का ते भिंग लावून पाहायचं, आणि मगच शाखा-नळीचं भोक कापायला घ्यायचं.